भिंतींतील मोहोळ



गेल्या फाल्गुनांत आमच्या यवतमाळच्या घरीं आठदहा मधमाशा चार दिवस माजघराच्या भिंतीभोंवतीं घिरट्या घालीत होत्या. तुळईच्या टोंकाशीं एक भोंक होतें. त्यांत शिरत, बाहेर येत, पुन्हां शिरत. फूल नाहीं, मध नाहीं, मग यांचें येथें काय काम, असें मी हंसून म्हटलें. पांचव्या दिवशीं दुपारीं हजारों माशांचा लोंढा आला आणि पाहतां पाहतां त्या भोंकांत गडप झाला.

त्या आठदहा माशा म्हणजे जागा पाहावयास आलेले हेर होते. पोळ्यांत दाटी झाली कीं जुनी राणी बऱ्याच कामकरी माशांसह घर सोडते. हा थवा एखाद्या फांदीला घोसासारखा लोंबतो आणि त्यांतील अनुभवी माशा पोकळी शोधूं लागतात. १९४९ सालीं म्यूनिक येथें मार्टिन लिंडावर यांना थव्याच्या पाठीवर नाचणाऱ्या कांहीं माशा दिसल्या. कोणाच्या अंगावर काजळी, कोणाच्या अंगावर विटांची भुकटी! युद्धांत पडलेल्या शहरांतील धुराडीं आणि भिंती त्या पाहून आल्या होत्या. नाचाची दिशा व लांबी यांवरून जागा कोठें आणि किती दूर हें इतरांस कळतें; एका जागेकडे पुरेसे हेर वळले, कीं थवा उडतो. म्हणजे भोंक बुजविण्याची वेळ त्या चार दिवसांतच होती. मी ती दवडली.

भिंतींत शिरते ती सातेरी. तिला अंधारी पोकळी हवी. आग्या माशी उघड्यावर, उंच झाडाला पोळें बांधते. ती घरांत आली तर बहुधा रात्रीं, दिव्याच्या ओढीनें. तेव्हां दिवा मालवावा, हात झाडूं नयेत.

शेजाऱ्यांनीं रॉकेल ओतून पेटविण्याचा सल्ला दिला. माझा जीव थोडा झाला, कारण दोन वर्षांपूर्वीं एकाच दंशानें नातीच्या अंगभर गांधी उठून तिला धाप लागली होती. पण पेटविलें तर तुळईच जळायची. शिवाय मेलेल्या माशा कुजतात, पंखांनीं वारा घालणारें कोणी न उरल्यानें मेण उन्हाळ्यांत मऊ होतें, मध भिंतीवाटे गळतो आणि मुंग्या लागतात. नातीला मामाकडे धाडलें, माजघर बंद केलें.

दहाव्या दिवशीं एक जाणता माणूस आला. त्यानें बाहेरून विटा काढल्या, थोडा धूर दिला, तळहाताएवढीं पोळीं कापून चौकटींत बांधलीं. राणी पेटींत गेली. दिवेलागणीपर्यंत बाकीच्या आपोआप मागें गेल्या. मग मेणाचा कण अन् कण खरवडून, चुना फांसून भोंक बुजविलें, कारण जुन्या मेणाच्या वासानें पुढचा थवा तेथेंच येतो.

पेटी गांवाबाहेरच्या संत्र्याच्या बागेंत ठेविली. सातेरी मोठी लहरी. पंधरवड्यांत तीही सोडून गेली. नात परत आली आहे, आणि मी रोज सकाळीं भिंती पाहत असतों.