रंग नाहीत, फक्त रेघ : फ्रेंच व्यक्तिचित्रं तांब्यावर कशी कोरत

इयासिंत रिगो या फ्रेंच चित्रकाराने १७०२ साली बिशप बोस्युए यांचं भव्य तैलचित्र पूर्ण केलं. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पिएर-अँबेर द्रवे याने १७२३ साली तेच चित्र तांब्यावर कोरलं आणि त्याच्या छापांमुळे बोस्युए यांचा चेहरा दूरवर पोचला. फोटो नव्हता त्या काळात हे काम कसं चाले, ते पाहू.

माणसाहून उंच असलेलं चित्र आधी कागदावर लहान करून रेखाटत. मग गुळगुळीत घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ते उलटं उतरवत, कारण छापताना डावं-उजवं बदलतं. हे चुकलं, तर आशीर्वादाचा उजवा हात छापात डावा होई.

खरी कसोटी पुढे. ब्यूरिन ही तिरप्या टोकाची पोलादी कोरणी. तिची मूठ तळहातात धरून ती पुढे रेटायची. वळणदार रेघ हवी असेल, तर वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला पत्राच फिरवायचा. कोरणी खोल गेली की रेघ जाड, वर आली की बारीक.

बोस्युए यांच्या अंगावर फर, लेस आणि रेशीम आहे. रिगोने ते रंगांनी साधलं. द्रवेच्या हाती फक्त काळी रेघ आणि कोरा कागद. अशा वेळी रेशमासाठी चुणीच्या वळणाने जाणाऱ्या समांतर रेघा काढत आणि चकाकी हवी तिथे त्या तोडत. सावलीत रेघांवर आडव्या रेघा येत. गालावर त्या विरत जाऊन नुसते ठिपके उरत. फरला आखूड, केसासारखे फटकारे.

छापताना शाई रेघांत भरून वरची पुसून घेत. पत्र्यावर ओलसर कागद ठेवून दाबयंत्राच्या दोन रुळांमधून काढले, की कागद रेघांत दबून शाई उचलतो. म्हणूनच चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला दिसतो.

१६६० साली चौदाव्या लुईच्या हुकमाने कोरीवकामाला कारागीर संघांच्या बंधनांबाहेरची, स्वतंत्र कला मानलं गेलं. तो मान रास्तच होता. रंगांचं रेघांत रूपांतर करणं ही नुसती नक्कल नव्हे. अशा छापांखाली बहुधा डावीकडे चित्रकाराचं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव असतं. असा छाप पाहाल, तेव्हा उजवीकडचं नाव जरूर वाचा.