अण्णांची सतार आणि ते चौघे

बीटल्स हे नाव आमच्या गिरगावातल्या चाळीत प्रथम मी आणले आणि त्याबद्दलची बोलणीही मीच खाल्ली. साल १९६४. मी अकरावीत होतो. शेजारच्या बिऱ्हाडात रेडिओ सिलोनवर त्यांचे गाणे ऐकले आणि गणितावरून जे लक्ष उडाले, ते मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत काही परत आले नाही.

आमच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. विलायतेत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या तोवर बंद पडल्या होत्या. पण आपल्याकडे चावीची यंत्रे अजून पुष्कळ घरांत असल्यामुळे बीटल्सच्या गाण्यांच्याही तशा तबकड्या निघत. आज जगभरचे शौकीन त्यांना वाटेल ती किंमत मोजतात, म्हणे. माझ्याजवळ एक होती. तिच्यावर धाकटी बहीण बसली!

अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावीत. तिच्यामागून मी माझी लावू लागलो की ते एवढेच म्हणत, "अरे, निदान सुई तरी बदल!"

अण्णा तरुणपणी सतार शिकले होते. पुढे नोकरी, संसार, तीन मुले. सतार गवसणीत गेली आणि भिंतीवर टांगली गेली. मी दहा-बारा वर्षांचा असताना त्यांनी मला शिकवण्याची खटपट करून पाहिली. दोन दिवसांत माझी बोटे सोलवटली आणि मी पळ काढला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सची 'रबर सोल' ही मोठी तबकडी निघाली. माझ्या एका मित्राचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने ती आणली. तिच्यातल्या 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली आहे. मित्राच्या घरी विजेचा रेकॉर्डप्लेअर होता. अण्णांना मी जवळजवळ ओढतच तिथे नेले. आता कसे तोंड बंद होते पाहू, असा माझा आविर्भाव!

अण्णांनी गाणे दोनदा ऐकले. "सतार धरायला अजून शिकलेला नाही," ते म्हणाले. "गिटारीसारखी छेडतो आहे. मींड नाही. पण पोरगा प्रामाणिक आहे."

मला राग आला. पण १९६६ च्या ऑगस्टअखेर सॅन फ्रान्सिस्कोला बीटल्सचा शेवटचा जाहीर दौरा संपला आणि सप्टेंबरात तेवीस वर्षांचा हॅरिसन सतार शिकण्यासाठी रविशंकरांकडे मुंबईला आला! ताजमध्ये उतरला होता. बातमी फुटली, तेव्हा मीही कॉलेज बुडवून तिथे जाऊन उभा राहिलो. दिसले ते दरवान आणि माझ्यासारखीच पन्नास-साठ पोरे.

घरी येऊन मी मोठ्या ऐटीत अण्णांना म्हटले, "मलाही शिकवा."

अण्णा वर्तमानपत्र वाचीत होते. ते खाली न ठेवताच म्हणाले, "त्याला शिकायचे होते, तो समुद्र ओलांडून आला. तुला या खाटेवरून त्या भिंतीपर्यंत यायला दहा वर्षे लागली. आता माझी बोटे चालत नाहीत रे."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि काही न बोलता पुन्हा आत गेली.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईस आला. या खेपेस एका चित्रपटाच्या संगीतासाठी आपल्याकडील वादकांना घेऊन त्याने एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. त्याच मुक्कामात बीटल्सच्या 'द इनर लाइट' या गाण्याचे वाद्यसंगीतही तिथेच झाले. स्टुडिओ फोर्टात होता. मी त्या वेळी फोर्टातच कारकून होतो, आणि मला पत्ता नव्हता!

हॅरिसनने पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे की, स्टुडिओच्या खाली कचेऱ्या होत्या. साडेपाचला त्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पायांचा इतका आवाज होई की ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. आमची इमारत निराळी, जिना निराळा. पण साडेपाचला धाडधाड उतरणाऱ्यांत मीही असेच की.

'द इनर लाइट' निघाले, तेव्हा मी ते घरी आणले. मुशाहिरा साठवून रेकॉर्डप्लेअर घेतला होता. अण्णा खाटेवर पडून ऐकत होते. गाणे संपल्यावर त्यांनी हात वर करून पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेस त्यांनी विचारले, "बासरी कोणाची रे?"

मी तबकडी दिव्याखाली धरून पाहिली. तीवर वादकांची नावे छापलेली नव्हती.

"चांगली आहे," अण्णा म्हणाले. "विचार कुणाला तरी."

कोणाला विचारणार? मी विसरलो. १९७० मध्ये ते चौघे वेगळे झाले, १९७४ मध्ये अण्णा गेले. ती बासरी हरिप्रसाद चौरसियांची, हे मला समजले तेव्हा मी स्वतःच पेन्शनीत निघायला आलो होतो. नोव्हेंबर २००१ मध्ये हॅरिसन गेल्याची बातमी आली, त्या रात्री मी गवसणी उतरवून सतार पुसली. दोन तारा तुटलेल्या होत्या. अण्णांची नखी गवसणीच्या खिशात तशीच होती; माझ्या बोटाला ती बसली नाही, घट्ट झाली.