डीप पर्पल पुन्हा ऐकताना: ऑर्गनच्या बाजूने एक फेरी

डीप पर्पल म्हटलं की बहुतेकांना आधी 'स्मोक ऑन द वॉटर'ची गिटार आठवते. नवी गिटार घेतलेलं जवळपास प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात तीच ओळ वाजवून बघतं. ते गाणं आहेच तसं. पण एवढ्यावर या बँडची ओळख संपली, तर फार मोठा ठेवा हातचा जातो. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकले की एक गोष्ट हळूहळू ठळक होत जाते: या बँडचा कणा म्हणजे जॉन लॉर्डचा ऑर्गन. रिची ब्लॅकमोरची गिटार त्या ऑर्गनशी सतत भिडत राहते, म्हणून ती एवढी धारदार लागते. जुन्या चाहत्याने हे अल्बम पुन्हा काढले, किंवा नव्या श्रोत्याने पहिल्यांदा लावले, तर कान कुठे द्यावा हे सांगण्यासाठी हा लेख.

माणसं बदलत गेली, त्याचा हिशेब

बँड १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये उभा राहिला. गायक रॉड इव्हान्स, गिटारवर ब्लॅकमोर, ऑर्गनवर लॉर्ड, बासवर निक सिम्पर आणि ड्रम्सवर इयन पेस. पुढे माणसं इतकी बदलली की चाहते प्रत्येक संचाला 'मार्क वन', 'मार्क टू' अशा क्रमांकांनीच ओळखतात. सगळ्या संचांत टिकलेला माणूस एकच, इयन पेस.

पहिल्या संचाने दोन वर्षांत तीन अल्बम काढले. 'हश' हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. मात्र बँडला आपला स्वतःचा आवाज अजून सापडलेला नव्हता. १९६९ मध्ये इयन गिलन गायक म्हणून आणि रॉजर ग्लोव्हर बासवर आला. हाच तो गाजलेला 'मार्क टू'.

हॅमंडचा आवाज असा का?

मराठी संगीत नाटकामुळे ऑर्गन आपल्याला परका नाही. तो भात्याच्या हवेवर आणि धातूच्या पातळ पट्ट्यांवर वाजतो. लॉर्डचा ऑर्गन हॅमंड बनावटीचा, विजेवर चालणारा. त्यात धातूची दातेरी चाकं चुंबकाजवळ फिरतात, त्यातून विजेचे सूक्ष्म प्रवाह तयार होतात आणि त्यांचाच सूर होतो. एरवी हा वाद्यप्रकार लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवतात. त्यामुळे सूर लाटांसारखा हलतो आणि गोड लागतो.

लॉर्डने हॅमंड थेट गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडला. सूर फाटला, खरखरीत झाला आणि गिटारच्या तोडीस तोड उभा राहिला. अनेक जागी जो दणका गिटारचा वाटतो, त्यात अर्धा वाटा ऑर्गनचा असतो. हेडफोन लावून दोन्ही बाजू वेगळ्या ऐकल्या की हे लगेच कळतं.

'इन रॉक' (१९७०): आवाज सापडला

२४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँडने लॉर्डची रचना 'कॉन्चेर्तो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' रॉयल फिलहार्मोनिकसोबत सादर केली. संचालन माल्कम अर्नोल्ड यांचं होतं. यानंतर बँडने पूर्णपणे कडक रॉकचा अल्बम करायचं ठरवलं. ब्लॅकमोरचा आग्रह तसाच होता. त्यातून 'इन रॉक' आला. मुखपृष्ठावर माउंट रशमोरच्या कड्यात अमेरिकी अध्यक्षांच्या जागी या पाच जणांचे चेहरे कोरलेले दिसतात.

या अल्बममध्ये सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो 'चाइल्ड इन टाइम'ला. गाणं दहा मिनिटांचं. सुरुवातीला ऑर्गन इतका हळुवार की ड्रम्सच्या झांजेवरची काठीसुद्धा ऐकू येते. मग गिलन शब्द सोडून नुसत्या स्वरावर चढत जातो, आधी कुजबुजीत, मग भरल्या गळ्याने, शेवटी किंकाळीपर्यंत. ही चढण त्याच्या गळ्याइतकीच खालच्या ऑर्गनचीही आहे, कारण प्रत्येक पायरीला लॉर्ड आवाज थोडा थोडा उघडत नेतो. नंतर लय दामदुप्पट होते आणि गिटार सुटते.

या गाण्याच्या ऑर्गनच्या धूनचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या रचनेत आहे, आणि त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. डीप पर्पलने ती उसनवारी लपवली नाही.

'फायरबॉल' (१९७१): दोन शिखरांमधली वाट

'इन रॉक' आणि 'मशीन हेड' यांच्या मधोमध आल्यामुळे हा अल्बम बरेचदा मागे राहतो. तसं होऊ नये. शीर्षकगीतात पेस दोन बास ड्रम वाजवतो, त्याच्याकडून एरवी न ऐकू येणारी गोष्ट. सुरुवातीचा घुमारा वातानुकूलन यंत्र चालू झाल्याचा आहे, तो मुद्दाम टिपून घेतलेला. प्रवासांच्या गडबडीत जमेल तसा हा अल्बम झाला, म्हणून गाण्यांचे बाज वेगवेगळे. तरी ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

'मशीन हेड' (१९७२): आग, पोलीस आणि रिकामं हॉटेल

डिसेंबर १९७१ मध्ये बँड स्वित्झर्लंडच्या मोंत्रो गावी आला. तिथल्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायचं ठरलं होतं. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रं भरलेला ट्रक, भाड्याने घेतलेला. ४ डिसेंबरला तिथे फ्रँक झापाची मैफल चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि कॅसिनो जळून खाक झाला. जिनिव्हाच्या तळ्यावर धूर पसरला. त्याच दृश्यावरून ग्लोव्हरला गाण्याचं नाव सुचलं.

बँड मग पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात गेला. 'स्मोक ऑन द वॉटर'चं वाद्यांचं मुद्रण तिथेच झालं. आवाजाने शेजारी हैराण झाले आणि पोलिसांनी काम थांबवलं. शेवटी थंडीमुळे बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. त्याच्या बोळांत आवाज अडवण्यासाठी गाद्या लावून वाद्यं मांडली गेली. खाली उभ्या ट्रकपर्यंत जायची वाट इतकी आडवळणाची होती की मुद्रण ऐकायला जाणंच त्यांनी जवळपास सोडलं. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चवर आणि एकमेकांच्या कानांवर भरवसा ठेवला. त्या वादनातला जिवंतपणा इथून आला, असं मला वाटतं.

आता गाजलेल्या रिफकडे, म्हणजे सुरुवातीच्या त्या गिटारच्या ओळीकडे बघू. ब्लॅकमोर ती पिकने न छेडता बोटांनी दोन तारा एकदम खेचून वाजवतो. त्या दोन सुरांत चतुर्थाचं अंतर आहे, म्हणजे सा–म इतकं, त्यामुळे ओळ जड आणि दगडी लागते. आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट आणि फाटलेला ऑर्गन, मग बाकीचे ड्रम्स, शेवटी बास. थरावर थर चढण्याचा हा क्रम ऐकून झाला की मगच गिलन गायला लागतो.

अल्बममध्ये गाणी सातच, पण भरतीचं एकही नाही. 'हायवे स्टार'मध्ये आधी ऑर्गनचा सोलो, नंतर गिटारचा. दोन्हींत बाखच्या संगीताची सावली आहे. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये बाससुद्धा पुढे येऊन बोलतो. 'लेझी'त गाणं चार मिनिटांपुढे गेल्यावर गायकाचा आवाज येतो, तोवर राज्य वाद्यांचं. बँडने सिंगल म्हणून आधी 'नेव्हर बिफोर' निवडलं होतं. 'स्मोक' अमेरिकेत सिंगल म्हणून गाजलं ते १९७३ मध्ये.

'मेड इन जपान' (१९७२): मंचावरचा बँड

१५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ला ओसाका, १७ ला टोकियो. या तीन रात्रींच्या मुद्रणातून हा दुहेरी अल्बम बनला. नंतर स्टुडिओत बसून त्यात काहीही भरलेलं नाही. गाणी पुन्हा सातच, पण 'स्पेस ट्रकिन'' वीस मिनिटांच्या घरात गेलेलं.

'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'चा शेवटचा भाग अवश्य ऐकावा. ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो. तुकडे अवघड होत जातात, सूर वर सरकत जातो. तबला-सतारीच्या सवाल-जवाबात रमणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागत नाही. डीप पर्पलचा एकच अल्बम निवडायची वेळ आली, तर मी हाच निवडेन.

'बर्न' आणि नंतरची पडझड (१९७४–७६)

१९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. जागा घेतली डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज यांनी. कव्हरडेल तोवर अनोळखी होता, कपड्यांच्या दुकानात काम करत होता. 'बर्न'मध्ये दोन गायक असल्याचा फायदा पहिल्याच गाण्यात दिसतो: एक आवाज खर्जातला, दुसरा टिपेचा. 'स्टॉर्मब्रिंगर'मध्ये फंक आणि सोलचा रंग गडद झाला. तो ब्लॅकमोरला मानवला नाही. १९७५ मध्ये त्याने बँड सोडून 'रेनबो' हा स्वतःचा बँड काढला. अमेरिकी गिटारवादक टॉमी बोलिनबरोबरचा 'कम टेस्ट द बँड' हा स्वतंत्रपणे ऐकला तर चांगला अल्बम आहे. पण १९७६ मध्ये बँड मोडला आणि त्याच वर्षी बोलिन अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला.

'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (१९८४) ते आज

'मार्क टू'चे पाचही जण १९८४ मध्ये पुन्हा एकत्र आले. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'चं शीर्षकगीत ऑर्गनच्या भारदस्त सुरावटीने उघडतं. त्यात गिटारचा सोलोच नाही. ब्लॅकमोरसारख्या वादकाने एवढ्या मोठ्या गाण्यात स्वतःची जागा सोडणं ही साधी गोष्ट नव्हे.

१९९३ मध्ये ब्लॅकमोर कायमचा गेला. गिटारवर स्टीव्ह मोर्स आल्यावर १९९५ मध्ये बँड मुंबईत वाजवून गेला. त्या मैफलीच्या चित्रफितीचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. पुढच्याच वर्षीच्या 'पर्पेंडिक्युलर'मध्ये बँडला नवी तरतरी आलेली जाणवते. २००२ मध्ये लॉर्ड निवृत्त झाला आणि डॉन एअरीने हॅमंडची धुरा घेतली. १६ जुलै २०१२ रोजी लॉर्डचं निधन झालं. २०१३ च्या 'नाऊ व्हॉट?!' मधलं 'अनकॉमन मॅन' त्याला अर्पण केलेलं आहे.

कोणत्या क्रमाने ऐकावं?

आधी 'मशीन हेड'. लगेच 'मेड इन जपान', म्हणजे तीच गाणी मंचावर कशी फुलतात ते दिसेल. मग मागे जाऊन 'इन रॉक', पुढे येऊन 'बर्न' आणि 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'. एका दिवशी एकच अल्बम, गाणी न गाळता. पहिल्या फेरीत आवडेल ते ऐकावं; दुसऱ्या फेरीत मात्र गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त लॉर्डचा माग काढावा. 'स्मोक'ची ती पाठ झालेली ओळ मग एकट्या गिटारची राहत नाही, पाच जणांची होते.