रामोसला परत आणायलाच हवं होतं

मेक्सिकोतल्या मॉन्टेरे क्लबने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्जिओ रामोसशी करार केला आणि त्याने पाठीवर ९३ हा आकडा घेतला. हा आकडा कुठून आला, हे रेयाल माद्रिदच्या चाहत्याला सांगावं लागत नाही. त्याच आठवड्यात माद्रिदची बचावफळी कशी होती? मिलिताओ आणि कार्वाहाल गुडघ्याचे लिगामेंट तुटून घरी बसलेले. रुडिगर आणि अलाबा जायबंदी. मध्यफळीतला चुआमेनी सेंटर-बॅक म्हणून उभा, त्याच्या शेजारी अकादमीतून नुकताच वर आलेला राउल असेन्सिओ. आणि सेव्हियाचा करार संपल्यापासून, म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यापासून, रामोस मोकळा होता. त्याला आणायला ट्रान्सफर फीचा एक युरोही लागला नसता. तरी जानेवारीची ट्रान्सफर खिडकी उघडली, बंद झाली आणि माद्रिदने एकही बचावपटू घेतला नाही. मला याचा राग आहे, आणि तो केवळ एका खेळाडूपुरता नाही.

या क्लबला बचावपटूची किंमत कधी कळलीच नाही. २००३ मध्ये लीग जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक देल बोस्के आणि कर्णधार हिएरो या दोघांनाही नारळ देण्यात आला. त्याच उन्हाळ्यात बचावाची ढाल असलेला मेकलेले चेल्सीला गेला आणि बेकहॅम आला. पुढची तीन वर्षं ना लीग, ना युरोप. अध्यक्ष फ्लोरेंटिनो पेरेझ यांनी तारे विकत घेण्याचा सपाटा लावला होता. मागे कोण उभं राहणार, हा प्रश्न त्यांच्या कार्यालयात कुणी विचारत नसावं. त्या काळातली एकच शहाणी खरेदी म्हणजे २००५ मध्ये सेव्हियाकडून २७ दशलक्ष युरोंना घेतलेला एकोणीस वर्षांचा रामोस. हिएरोचा चार नंबर त्याला मिळाला.

सुरुवातीची वर्षं मी भरभर ओलांडतो. दोन लीग आल्या, पण युरोपात सलग सहा वर्षं उपउपांत्यपूर्व फेरीतच गाशा गुंडाळावा लागला. रामोस तेव्हा बहुतेक राइट-बॅकला खेळायचा. जोर भरपूर, संयम कमी.

मी ज्या दशकात खऱ्या अर्थाने जगलो ते २००९ नंतरचं. भारतातल्या चाहत्यासाठी ते दशक अपरात्रीचं होतं. २०१० च्या नोव्हेंबरात कॅम्प नोवर बार्सिलोनाकडून ०-५ असा मार खाल्ला आणि शेवटी रामोस लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. माद्रिदच्या शर्टात त्याने एकूण २६ लाल कार्डं घेतली, आणि त्यातल्या कित्येकांचं समर्थन मी करणार नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये बायर्नविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याने पेनल्टी गोलच्या वरून प्रेक्षकांत मारली. आठवडेच्या आठवडे जगभर त्याची टिंगल झाली. दोन महिन्यांनी युरो उपांत्य फेरीत पोर्तुगालसमोर शूटआउट आला, तेव्हा तोच पुढे झाला आणि चेंडू अलगद उचलून गोलच्या मधोमध सोडला. या माणसाची छाती केवढी आहे, हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतरचं प्रशिक्षक मोरिन्योचं शेवटचं वर्ष कडवट गेलं. मध्यंतराला ओझिलला बाहेर काढलं, तेव्हा रामोसने ओझिलचा शर्ट आपल्या शर्टाखाली घालून दुसरा हाफ खेळला. कर्णधार कासियासला बाकावर बसवलं गेलं. ड्रेसिंग रूम फाटली होती, आणि ती सांधण्याचं श्रेय पुढचे प्रशिक्षक अँचेलोटी यांच्याइतकंच रामोसला आहे.

मग २०१४ आलं. २९ एप्रिलला म्युनिकमध्ये, जिथे माद्रिद कधीच जिंकलं नव्हतं, रामोसने पहिल्या वीस मिनिटांत दोन हेडर मारले आणि गार्दिओलाच्या बायर्नचा ०-४ असा धुव्वा उडाला. २४ मे रोजी लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. छत्तिसाव्या मिनिटाला गोडिनचा गोल झाला आणि त्यानंतर अ‍ॅटलेटिकोने जी भिंत उभी केली तिच्यावर माद्रिद तासभर डोकं आपटत राहिलं. बारा वर्षं दहाव्या चषकाची वाट पाहणारा क्लब पुन्हा रिकाम्या हाताने परतणार, हे जवळपास ठरलं होतं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. मॉड्रिचने कॉर्नर घेतला, रामोस कुर्त्वाच्या डाव्या हाताला, अगदी खांबालगत, चेंडू घालून मोकळा झाला. घड्याळात ९२ मिनिटं ४८ सेकंद, म्हणजे त्र्याण्णवावं मिनिट. पाठीवरचा तो ९३ आकडा इथूनच आला. जादा वेळेत ४-१ झालं, पण तो सामना तिथेच जिंकला गेला होता. रोनाल्डो होता, बेल होता, बेन्झेमा होता. गोल मात्र सेंटर-बॅकने केला.

तिथून पुढची चार वर्षं म्हणजे रामोसच्या डोक्याने वाचवलेली वर्षं. २०१६ च्या मिलानमधल्या अंतिम सामन्यात त्याचा गोल आणि शूटआउटमध्येही त्याची पेनल्टी. त्याच वर्षी ट्रॉन्डहाइमला सेव्हियाविरुद्ध भरपाई वेळेत बरोबरी, डिसेंबरात कॅम्प नोवर नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी. २०१६, २०१७, २०१८, सलग तीन चॅम्पियन्स लीग, आणि तिन्ही वेळा चषक उचलणारा कर्णधार तोच. २०१८ च्या कीव्हमधल्या अंतिम सामन्यात दुखावलेल्या सलाहच्या खांद्यावरून लिव्हरपूलचे चाहते अजूनही त्याला खलनायक ठरवतात. त्या झटापटीत पंचांनी साधा फाउलही दिला नव्हता, एवढंच मी त्यांना पुन्हा सांगतो.

त्याच्या चुकाही मोठ्या होत्या. २०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मुद्दाम पिवळं कार्ड घेतलं आणि परतीच्या लढतीत अयाक्सने बर्नाब्यूवर १-४ ने धूळ चारली, तेव्हा तो स्टँडमध्ये बसून पाहत होता. त्याचा अहंकार त्या रात्री क्लबला महाग पडला. पण पुढच्याच मोसमात त्याने आणि वरानने मिळून असा बचाव केला की ३८ लीग सामन्यांत फक्त २५ गोल खाल्ले गेले, आणि पुढे जाऊन रामोसने स्वतः लीगमध्ये ११ गोल केले. ती लीग रोनाल्डोशिवाय जिंकली होती.

आणि २०२१ मध्ये काय घडलं? क्लबने त्याला एक वर्षाचा करार देऊ केला. त्याला दोन वर्षं हवी होती. निरोपाच्या दिवशी रामोसने डोळे पुसत सांगितलं की, अखेर तो एका वर्षाला तयार झाला, तेव्हा प्रस्तावाची मुदत संपल्याचं त्याला कळवण्यात आलं. ६७१ सामने, १०१ गोल, २२ चषक, आणि शेवट मुदत संपल्यावर.

तिशी ओलांडली की एकेका वर्षाचा करार, हा पेरेझ यांचा नियम. २०१७ मध्ये बचावपटू पेपे याच नियमापायी गेला. पुढे ४१ व्या वर्षी तो युरो २०२४ मध्ये फ्रान्सविरुद्ध १२० मिनिटं खेळला. माद्रिदने पेपेच्या कारकिर्दीची किती वर्षं फुकट घालवली, हा हिशेब कुणी मांडला आहे का? ३८ वर्षांच्या मॉड्रिचला मात्र २०२४ मध्ये पुन्हा करार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. मॉड्रिच रामोसपेक्षा वयाने मोठा आहे. वय हा निकष असेल, तर तो मध्यफळीला एक आणि बचावफळीला दुसरा का?

रामोसशिवाय २०२२ आणि २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, हे मला मान्य आहे. अडतिसाव्या वर्षी बार्सिलोनाच्या यामालच्या मागे तो धावू शकला नसता, हेही मान्य. माद्रिद सोडल्यावर पॅरिसमधला त्याचा पहिला मोसम दुखापतींतच गेला. पण २०२४ च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाने बर्नाब्यूवर ०-४ ने आणि पुढच्या जानेवारीत जेद्दाहमध्ये ५-२ ने हरवलं, तेव्हा उणीव पायांची नव्हती. फळी पुढे कधी सरकायची, मागे कधी यायचं, हे ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. नाचो सौदीला गेला होता, कार्वाहाल जायबंदी होता.

म्हातारा, जुना खेळाडू परत आणणं ही भावनेची चैन असते, असं म्हणणाऱ्यांनी फ्लुमिनेन्से पाहावं. २०२४ च्या मध्यावर ब्राझीलच्या लीगमध्ये तळाला असलेल्या त्या क्लबने एकोणचाळिशीतल्या थिआगो सिल्वाला परत बोलावलं आणि पहिल्या दर्जातली जागा राखली. डॉर्टमुंडने परत घेतलेला हुमेल्स पस्तिसाव्या वर्षी वेम्बलीत माद्रिदविरुद्धच अंतिम सामना खेळला. आणि लांब कशाला जायचं, माद्रिदने स्वतः २०२३ मध्ये ३३ वर्षांच्या होसेलूला, आपल्याच जुन्या अकादमीतल्या मुलाला, एका वर्षासाठी उसना आणला. त्याने बायर्नविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल केले आणि पंधरावा चषक त्या दोन गोलांवरून आला. पुढच्या फळीत जे धाडस फळाला आलं, ते मागच्या फळीत करायला कुणाचं मन झालं नाही.

रामोसने प्रत्येक सामना खेळावा, अशी माझी मागणी नव्हतीच. महिन्यातून दोन-तीन सामने, शेवटच्या वीस मिनिटांत कॉर्नर अडवायला एक डोकं, आणि रोज सकाळी वाल्देबेबासच्या सरावाच्या मैदानावर असेन्सिओच्या शेजारी उभा राहणारा एक माणूस, एवढं पुरे होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात ओसासुनाविरुद्ध मिलिताओ कोसळला आणि असेन्सिओला पदार्पण करावं लागलं. त्या पोराने आल्या आल्या बेलिंगहॅमला गोलसाठी लांब पास दिला. गुणी आहे, हिंमतवान आहे, आणि रागाच्या भरात कार्ड घेईल असाही आहे. अगदी २००५ मधल्या रामोससारखा. रामोसला तेव्हा शेजारी एल्गेरा आणि रॉबर्टो कार्लोस मिळाले होते. असेन्सिओला मिळाला चुआमेनी, जो स्वतःच ही जागा शिकत होता आणि ज्याच्यावर बर्नाब्यूतले आपलेच प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. मिलिताओ परत येईपर्यंत क्लब हे असंच ढकलणार होता, आणि त्या दोघांकडून चॅम्पियन्स लीगची अपेक्षाही ठेवणार होता.