पूरनियोजन, स्थानिक संस्थांचे

पुरामुळे होणारी जीवित व वित्त यांची हानी कमी व्हावी म्हणून ग्रामपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका या स्थानिक स्वराज्य संस्था आपल्या हद्दीत जमीनवापराचे जे नियमन, जी पूर्वतयारी व पूरकाळातील जी व्यवस्था करतात, त्यांस स्थानिक पूरनियोजन म्हणतात. धरणांतून पाणी सोडण्याचा निर्णय राज्याचा जलसंपदा विभाग घेतो. पर्जन्याचा अंदाज भारत हवामानशास्त्र विभाग वर्तवितो. या दोहोंवर स्थानिक संस्थेचा अधिकार चालत नाही. तथापि पाणी ज्या गल्लीत शिरते तेथील नाला, तेथील इमारतींचे बांधकाम-परवाने आणि रहिवाशांना वेळीच हलविण्याचे काम तिच्याकडेच असते. पाणी किती येणार हे तिच्या हाती नसले, तरी त्याच्या वाटेत काय असावे, हे पुष्कळ अंशी तिच्या निर्णयांवर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील स्थानिक पूरनियोजनाचा विचार केला आहे.

कायदेशीर आधार : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराचा विकास आराखडा तयार करणे व बांधकामांस परवानगी देणे हे अधिकार नियोजन प्राधिकरण म्हणून नगरपरिषदा व महानगरपालिका यांस मिळाले. पूर आल्यावर मदतकार्य करणे, एवढाच अर्थ पूरव्यवस्थेस दीर्घकाळ होता. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने भर पूर्वतयारीवर आणला. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्याशी सुसंगत असा स्वतःचा आराखडा करणे, कर्मचाऱ्यांस प्रशिक्षण देणे, साधनसामग्री सज्ज ठेवणे आणि आपल्या हद्दीतील बांधकामे विहित मानकांप्रमाणे होतात हे पाहणे, ही स्थानिक प्राधिकरणांची कर्तव्ये ठरली.

पूररेषा व जमीनवापर : महाराष्ट्रात नदीकाठच्या जमिनीचे नियमन दोन रेषांच्या आधारे होते. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पसरतो ती निळी पूररेषा व १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पसरतो ती लाल पूररेषा होय. नदीपात्र व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र समजला जातो. तेथे उद्याने, मोकळी मैदाने यांसारखेच वापर अनुज्ञेय असतात. निळ्या व लाल रेषांमधील पट्टा नियंत्रित क्षेत्र होय. राज्यातील बहुतेक शहरांस लागू झालेल्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीनुसार या पट्ट्यात लाल पूररेषेच्या पातळीहून ०.४५ मी. उंचीवर बांधकामास परवानगी देता येते. रेषा जलसंपदा विभाग आखतो, परंतु ती विकास आराखड्यावर दाखविणे व पाळावयास लावणे हे स्थानिक संस्थेचे काम असते.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. असा पूर येऊन गेल्यावर शंभर वर्षे निश्चिंतीची मिळतात, असे नव्हे. कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता १% असते. घराचे आयुष्य ३० वर्षे धरल्यास, लाल रेषेवरील घराला त्या काळात एकदा तरी पूर गाठण्याची शक्यता सु. २६% आणि निळ्या रेषेवरील घराला ती सु. ७१% असते. असे असूनही शहराच्या मध्यभागातील नदीकाठची जमीन मोलाची असल्याने तीवर भराव घालण्याचा मोह टळत नाही. एकाच्या जमिनीवरील भरावामुळे पाण्याची जागा हिरावली जाते व ते दुसऱ्याच्या दारी जाते. उलट स्वस्त जागा म्हणून पात्रालगत राहावयास आलेल्या गरीब कुटुंबांना पर्यायी घरे दिल्यावाचून केवळ रेषा आखल्याने काही साधत नाही.

पर्जन्यजलाचा निचरा : शहरी पूर नदीवाचूनही येतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, कुलाबा येथे मात्र तो सु. ७३ मिमी. होता. शहरातील जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिमी. पाऊस गृहीत धरून केलेली होती; ती ताशी ५० मिमी. पर्यंत वाढवावी, असे १९९३ च्या आराखड्यात सुचविले होते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नाल्यांत उलट शिरू नये म्हणून दरवाजे बंद करून पाणी पंपांनी बाहेर टाकावे लागते. त्यासाठी २००५ नंतर हाजी अली, इर्ला इ. ठिकाणी उदंचन केंद्रे उभारण्यात आली. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हा या व्यवस्थेचा साधा, पण निर्णायक भाग होय.

इशारा व स्थलांतर : कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानतात; सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या याच पातळ्या अनुक्रमे ४० व ४५ फूट आहेत. नुसत्या आकड्यावरून रहिवाशास काही उमगत नाही. कोणत्या पातळीस कोणत्या गल्लीत पाणी येते आणि कोणता रस्ता बंद होतो, याचा तक्ता करून तो आधीच घरोघर पोहोचविणे, हे स्थानिक यंत्रणेचे खास काम होय. त्यासाठी प्रत्येक पुरानंतर भिंतींवर पूरखुणा करून त्यांची नोंद ठेवावी लागते. आराखड्यात सखल वस्त्यांतील वृद्ध, गरोदर स्त्रिया व अंथरुणास खिळलेले रुग्ण यांच्या याद्या, निवाऱ्यासाठी उंचावरील शाळा, जनावरांची सोय आणि नावा यांचा समावेश असतो.

तयारी कोठे अपुरी पडते, हे अलीकडील पुरांनी दाखविले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा व कृष्णा या दोन्ही नद्यांनी वरील ठिकाणी ५५ फुटांची पातळी ओलांडली. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी नाव ८ ऑगस्ट रोजी उलटून अनेकांचा मृत्यू झाला. स्थलांतर लांबले की अखेरच्या फेरीत नावेवर किती भार पडतो, हे या दुर्घटनेने दाखविले. याच पुरात व पुन्हा २०२१ मध्ये नदीकाठची उपसा केंद्रे बुडाल्याने कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा खंडित झाला. कोकणात वेळ याहून थोडा मिळतो. तेथील नद्या सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात समुद्रास मिळतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर काही तासांतच बुडाले. बाहेरची बचाव-पथके पोहोचेपर्यंतचा काळ स्थानिक तयारीवरच निभवावा लागतो.

पूरोत्तर कामे व मर्यादा : पूर ओसरल्यावर गाळ काढणे, जलशुद्धीकरण, जंतुनाशक फवारणी आणि नुकसानीचे पंचनामे ही कामे येतात. लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांचा फैलाव याच काळात होतो. नदीखोरे मात्र नगराची किंवा राज्याचीही सीमा पाळत नाही. कोयना, राधानगरी व कर्नाटकातील अलमट्टी या धरणांतील विसर्गाचा समन्वय स्थानिक संस्थेच्या आवाक्याबाहेरचा आहे. लहान नगरपरिषदांकडे निधी व तज्ज्ञ अभियंते यांचीही उणीव असते. पूररेषेतील परवाना नाकारण्यास मात्र फारसा निधी लागत नाही. तो नाकारण्याचे प्रसंग कोरड्या वर्षांत येतात आणि त्यांचे परिणाम पुराच्या वर्षी दिसतात.