एका व्हीसीआरवर किती टीव्ही?

भारतातील केबल टीव्हीचा उगम उपग्रहात नसून व्हीसीआरमध्ये आहे, ही गोष्ट आता बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे. एका यंत्रात कॅसेट घालायची आणि तिच्यावरील चित्रपट तारेने अनेक घरांतील टीव्हींवर एकाच वेळी पोहोचवायचा, या खटपटीतून १९८४च्या सुमारास मुंबईच्या उंच इमारतींत केबलचा धंदा उभा राहिला. परदेशी उपग्रह वाहिन्या त्यानंतर सहा-सात वर्षांनी आल्या आणि त्यांनी आयत्या अंथरलेल्या तारांचा लाभ घेतला. एका यंत्रावर अनेक टीव्ही चालवण्याची ही जुनी विद्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांना आजही उपयोगी पडू शकते, म्हणून तिचे शास्त्र आणि तिच्याभोवतीचा कायदा दोन्ही समजून घेणे आवश्यक ठरते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, आणि त्याच्या अकराच दिवस आधी, १५ ऑगस्टला, दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण रंगीत स्वरूपात सुरू झाले होते. त्या रंगांचा या मुलखाला तत्काळ फारसा लाभ नव्हता. दूरचित्रवाणीचे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे १०० वॅटच्या लघुशक्ती प्रक्षेपकाचा पल्ला साधारण १० ते १५ किलोमीटर भरतो आणि मोठ्या प्रक्षेपकाचाही शंभर किलोमीटरच्या आतच संपतो; नागपूर ते चंद्रपूर अंतर मात्र दीडशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि पुढे आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूला सागाचे जंगल व डोंगररांगा आडव्या येतात. व्हीसीआरला या भूगोलाशी कर्तव्य नव्हते, त्याला वीज आणि कॅसेट एवढेच लागे. शिवाय सिरोंच्याच्या तेलुगू भाषकाला तेलुगू, मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीला बंगाली आणि वडसा-ब्रह्मपुरीकडच्या प्रेक्षकाला मराठी किंवा हिंदी चित्रपट निवडण्याची मोकळीक एकट्या दूरदर्शनच्या पडद्यावर कधीच मिळणारी नव्हती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटी असा संच रात्रभरासाठी भाड्याने आणण्याची महाराष्ट्रभर पसरलेली रीत अशा ठिकाणी गैरसोयीवरचा सरळ उपाय ठरे.

व्हीसीआरच्या पाठीमागून दोन प्रकारचे संकेत बाहेर पडतात. पहिला मूळ चित्रसंकेत, जो एका व्होल्टच्या आसपासचा असतो, ध्वनीसाठी वेगळी तार मागतो आणि पिवळ्या-पांढऱ्या पिनांतून टीव्हीच्या ‘एव्ही’ खोबणीत जातो. तो लांब नेला की मलूल पडतो, म्हणून तो एका वेळी एकाच टीव्हीला देणे चांगले. दुसरा संकेत ‘आरएफ’ म्हणून ओळखला जातो. व्हीसीआरच्या आत मॉड्युलेटर नावाची लहानशी डबी असते, आणि ती चित्र व ध्वनी एका वाहक लहरीवर चढवून जणू एक छोटे प्रसारण केंद्रच तयार करते. भारतात तेव्हा वापरल्या जाणाऱ्या पाल-बी पद्धतीत अशा एका वाहिनीला ७ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा लागते आणि ध्वनीची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झ वर बसते. टीव्हीला हा संकेत अँटेनाच्या खोबणीतून मिळत असल्याने तो आकाशातून आला की शेजारच्या खोलीतून, हे त्याला कळत नाही. पाल पद्धतीच्या पुष्कळ व्हीसीआरमध्ये ही वाहिनी यूएचएफ पट्ट्यात, ३६ क्रमांकाच्या आसपास बसवलेली असे. यंत्राच्या पाठीमागची ‘टेस्ट’ कळ दाबली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या उभ्या पट्ट्या उमटत. टीव्हीचा ट्यूनर फिरवीत त्या पट्ट्या काठाशी स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचे आणि मगच कॅसेट आत घालायची, आणि स्थानिक वाहिनी आड आलीच तर शेजारचा बारीक स्क्रू पेचकसाने किंचित फिरवून व्हीसीआरची वाहिनी वर-खाली सरकवायची, असा रिवाज होता. छतावरच्या अँटेनाची तारही व्हीसीआरमधूनच टीव्हीकडे जाई, म्हणजे दूरदर्शन आणि कॅसेट एकाच तारेतून दोन वेगळ्या वाहिन्यांवर मिळत.

एका टीव्हीचे चार टीव्ही करायचे म्हटले की वाटणीचा प्रश्न येतो, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भातशेतीच्या मुलखातील, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाटाला जितकी तोंडे पाडावीत तितके प्रत्येक बांधीत कमी पाणी पोहोचते, तसेच संकेताचे आहे. संकेताचे बळ डेसिबलमध्ये मोजतात आणि तीन डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी होणे. संकेताची वाटणी करणाऱ्या दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये साडेतीन ते चार आणि चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सात ते आठ डेसिबल खर्ची पडतात, आणि वीस मीटर आरजी-६ तारेत यूएचएफ वाहिनीवर आणखी तीन-चार जातात. व्हीसीआरमधून निघणारा संकेत मुळातच जेमतेम असल्यामुळे चौथ्या खोलीत पोहोचेपर्यंत पडद्यावर मुंग्या दिसू लागतात. त्यावर बूस्टर लावला जातो, परंतु तो कोठे लावला याला महत्त्व आहे. वाटणीच्या आधी, म्हणजे व्हीसीआरजवळ लावलेला बूस्टर स्वच्छ संकेत मोठा करतो; शेवटच्या टीव्हीपाशी लावलेला बूस्टर क्षीण झालेल्या चित्राबरोबर मुंग्याही तितक्याच इमानाने मोठ्या करतो. तार ७५ ओहमची हवी, जुनी चपटी ३०० ओहमची पट्टी थेट जोडल्यास संकेताचा काही भाग जोडापासून मागे परततो आणि चित्राच्या उजवीकडे फिकट सावली पडते. त्याच कारणाने स्प्लिटरचे रिकामे तोंड उघडे न ठेवता त्यावर ७५ ओहमचे टर्मिनेटर बसवतात, जे बाजारात अगदी किरकोळ किमतीला मिळते आणि घरगुती जोडणीत जवळजवळ कोणीच बसवीत नाही.

मुंबईतील मजले जे काम करीत होते तेच काम चंद्रपूर जिल्ह्यात वसाहती करू शकत होत्या. बल्लारपूरचा कागद कारखाना, घुग्घुस-राजुरा भागातील कोळसा खाणी, ऊर्जानगरचे औष्णिक वीज केंद्र आणि भद्रावतीचा आयुधनिर्माणी कारखाना यांची क्वार्टर्स ओळीने उभी आहेत, वीज आहे, पगार नियमित आहेत, आणि एका खोलीतील व्हीसीआरपासून शेकडो घरांपर्यंत तार नेण्यास यापेक्षा अनुकूल रचना नाही. गडचिरोलीत वस्ती विखुरलेली असल्याने हे गणित जुळणे अवघड. पाच-दहा घरांच्या टोल्यापर्यंत तार टाकण्यापेक्षा लोकांनीच एका पडद्याभोवती जमणे सोपे पडे. लोक असे पडद्याभोवती जमू लागल्यावर झाडीपट्टी रंगभूमीला व्हिडिओचा धक्का बसेल असा धाक तेव्हा घातला जाऊ शकत होता. प्रत्यक्षात वडशाच्या नाटक मंडळ्या आजही भाऊबीजेनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटके करतात, आणि झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तो धाक फोलच म्हणावा लागेल.

तार घराच्या भिंतीबाहेर पडली की कायदा आड येतो. १९८४च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ चित्रपटांचा समावेश झाला, तरीही कॅसेट एका ठिकाणी लावून ती वर्गणीदारांच्या घरी दाखवणे हे सार्वजनिक प्रदर्शन की घरगुती पाहणे, असा वाद राहिला. प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात बसूनच पाहते, असा बचाव त्यात होता. गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो मानला नाही आणि केबलवरून पाहणारे वर्गणीदार ही जनताच होय असे ठरवले. त्यानंतरच्या १९९४च्या दुरुस्तीत ही सीमारेषा कायद्यातच आखली गेली. एकापेक्षा अधिक घरांपर्यंत एकाच वेळी तारेने चित्र पोहोचवणे हे जनतेपर्यंत पोहोचवणेच मानले जाते, आणि त्यात हॉटेल व वसतिगृहांतील निवासी खोल्याही स्पष्ट शब्दांत घातल्या आहेत. म्हणून ताडोब्याजवळ मोहर्लीत कोणी निवास चालवत असेल आणि कार्यालयातील एका यंत्रावरून सर्व खोल्यांना चित्रपट देत असेल, तर त्याला ते घरगुती म्हणता येणार नाही. एका कुटुंबाच्या स्वयंपाकघर, ओसरी आणि माडीवर तोच संकेत फिरवणे मात्र या व्याख्येत बसत नाही. केबलचालकांसाठी १९९५चा वेगळा कायदा आला आणि नोंदणी सक्तीची झाली.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, आणि एका बाबतीत घरगुती जोडणीच्या पथ्यावर पडली आहे. दूरदर्शनने बहुतेक जुने अॅनालॉग भूप्रक्षेपक २०२२पर्यंत बंद केले, त्यामुळे मॉड्युलेटरसाठी मोकळी वाहिनी शोधण्याची कटकट उरली नाही. एचडीएमआयच्या यंत्रांसाठी स्प्लिटर मिळतात; परंतु साधी एचडीएमआय तार दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नसते आणि त्याहून लांब जायचे तर कॅट-६ तारेवर चालणारे एक्स्टेंडर लावावे लागतात. स्प्लिटरमुळे सर्व टीव्हींवर एकच चित्र दिसते, ही व्हीसीआरच्या काळातील मर्यादा त्यातही तशीच राहते. ती टाळायची असेल तर चित्रपट हार्ड डिस्कवर ठेवून ती राउटरला जोडावी आणि प्रत्येक स्मार्ट टीव्हीने आपल्याला हवा तो चित्रपट घरच्या जाळ्यातून उचलावा, हा मार्ग उत्तम. वाय-फाय म्हणजे इंटरनेट हा समज चुकीचा असून घरातल्या घरात चित्र फिरवण्यास इंटरनेट लागतच नाही, आणि एटापल्ली-भामरागडकडे जेथे मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे तेथे हाच सर्वांत मोठा फायदा आहे. जाड मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचे तरंग लवकर क्षीण होतात, तेथे २.४ गिगाहर्ट्झ बरे, आणि भिंतीला भोक पाडून नेटवर्कची तार नेता आली तर त्याहून बरे. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार नेल्यास पावसाळ्यात विजेचा झटका दोन्हीकडच्या यंत्रांपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून अशा ठिकाणी ऑप्टिकल फायबर वापरावी.

जुन्या कॅसेटींवरील लग्ने आणि मंडईतील नाटके सर्व खोल्यांत पाहण्याचा बेत असेल, तर वाटणीच्या आधी त्यांची डिजिटल प्रत करून घ्यावी. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, त्यानंतर नवे यंत्र येत नाही, आणि जंगलभागातील दमट पावसाळ्यात फितींवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नये, कारण बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते.