शुश्रूषा आणि कला

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणें. या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला. सेवा हा अर्थ मागाहून आला. ही व्युत्पत्ति मीं वर्गांत कित्येक वर्षें सांगितली; तिचें मर्म मात्र मर्ल लॅडरमन यूकेलीस या अमेरिकन कलावतीच्या कार्याचा परिचय झाल्यावर कळलें.

१९६८ सालीं यूकेलीसबाईंना पहिलें अपत्य झालें आणि कलेचा सारा वेळ बाळाच्या संगोपनांत जाऊं लागला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं एक जाहीरनामा लिहिला. नवें निर्माण करणाऱ्याचा गौरव होतो. मग निर्माण झालेलें रोज जपणाऱ्याचा कां होऊं नये, हा त्याचा आशय. झाडणें, धुणें, रांधणें हीच आपली कला, असें त्यांनीं ठरविलें. १९७३ सालीं हार्टफर्डच्या कलासंग्रहालयांत त्यांनीं तासन् तास फरशी धुतली. येणाराजाणाऱ्यांच्या पावलांचे ठसे उमटत आणि बाई ते पुन्हा पुशीत.

१९७७ पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्यांत विनावेतन कलावंत म्हणून काम करूं लागल्या. १९७९-८० मध्यें सुमारें अकरा महिने हिंडून त्यांनीं साडेआठ हजार सफाई कामगारांशीं हस्तांदोलन केलें आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानिले.

शुश्रूषेला रक्ताचें नातें लागत नाहीं, हेंहि त्याच देशांत दिसून आलें. एड्सच्या सांथींत अनेक समलिंगी तरुणांना घरच्यांनीं दूर लोटलें; त्यांचें दुखणेंबाणें मित्रमैत्रिणींनीं काढलें. ११ ऑक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टन येथें या रोगानें मृत झालेल्यांच्या स्मरणार्थ १,९२० तुकड्यांची गोधडी पसरण्यांत आली. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे जवळजवळ थडग्याएवढा. तेथें मृतांचीं नांवें मोठ्यानें वाचलीं गेलीं. आपणहि तर्पणांत नांव उच्चारतों. तेथें उच्चारणारे बहुधा सगोत्र नव्हते, एवढाच भेद.

आतां माझें सांगतों. तीस वर्षें शाळेंत पटावरचीं नांवें मला तोंडपाठ असत. पहाटे वर्ग झाडणाऱ्या बाईंचें नांव मात्र मीं कधीं विचारलें नाहीं. अशा हातांचा स्पर्श झाल्यास स्नान करावें, ही रीत आमच्या वडीलमंडळींनीं पाळली होती. रीत गेली, न विचारण्याची संवय माझ्यांत उरली. पुढें पत्नी आजारी पडली, केरसुणी माझ्या हातीं आली, आणि सकाळीं झाडलेल्या ओटीवर दुपारीं पुन्हा धूळ दिसूं लागली. चाळीस वर्षें ती मला दिसली नव्हती, कारण ती रोज कोणीतरी काढीत होतें.

गेल्या महिन्यांत शाळेंत जाऊन चौकशी केली. त्या बाई वारल्या होत्या. नांव कोणासच सांगतां आलें नाहीं.

वाचकहो, आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईंचें पुरतें नांव आपणांस ठाऊक आहे काय? नसल्यास आजच विचारावें, आणि उत्तर नीट ऐकावें.